एक्केचाळीस नंबर कोण दाबतं

सोमवार, ४ ऑक्टोबर

लंबू,

फाडायचं असेल तर फाड, पण हे पहिलं पान वाचून मग फाड. तीन वर्षं मी लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. हट्टात आपण दोघं सख्खे बहीणभाऊ शोभतो. आजही माया उतू चालली आहे म्हणून लिहीत नाहीये. एक विचारायचं आहे आणि सरळ उत्तर हवं आहे. तुझा एक्केचाळीस नंबर तू कोणाला दिलास?

आता भोळेपणाचा आव आणू नकोस. शनिवारी तीन नंबर चेंबरचा चार्ट माझ्या टेबलावर आला. व्हॉल्व्ह बदलला होता म्हणून रिकाम्या चेंबरची गॅस भरून चाचणी घेतली होती. अजूनही प्रत्येक चार्ट माझ्याच हाताखालून जातो, माझी सही झाल्याशिवाय कागद रेकॉर्डला लागत नाही. चार्ट कसा वाचायचा हे तूच मला शिकवलंस, त्यामुळे तुला काय सांगायचं? तरी लिहिते, कारण लिहिलं की माझंच मला नीट दिसतं. गॅस भरला की रेघ वर चढते. खोक्यांतला माल निर्जंतुक झाला की पंप गॅस ओढून घेतो, रेघ खाली येते. मग नायट्रोजन भरायचा, पुन्हा ओढायचा. पहिली ओढ धरून असं चार वेळा झालं की चार्टवर करवतीसारखे चार दात दिसतात. चार दात मोजायचे आणि सही करायची, हे माझं काम.

शनिवारच्या चार्टवर एकच दात आहे. अर्धा गॅस ओढला, धुणं गाळलं, थेट हवा भरली, 'दार उघडा'चा दिवा लागला. आणि खाली छापलंय, 'धुणे रद्द, नंबर ४१'.

तू इथून एवढा लांब, आणि तुझा नंबर माझ्या चार्टवर. माझा स्वभाव संशयी आहे, मान्य. कुकरच्या शिट्टीचीसुद्धा मी साक्ष काढेन असं तू म्हणायचास. पण इथे कुठेतरी पाणी मुरतंय. नवी ऑपरेटर तुझ्याच संस्थेत शिकलेली आहे. तिच्याशी तुझा काही पत्रव्यवहार आहे का? मला अडचणीत आणायचा हा तुझा उद्योग आहे का? तसं असेल तर थांबव. कारण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. चेंबरच्या मागच्या पंख्याची नळी पूर्वी पाण्याच्या टाकीत जायची. आता ती गॅस जाळणाऱ्या भट्टीला जोडली आहे. चौदा तारखेला, गुरुवारी, भट्टी पेटवायची आणि त्याच दिवशी तीन नंबरच्या काट्यांची वर्षाची मापं तपासायची, असं ठरलंय. म्हणजे पुन्हा रिकामा चेंबर. दार उघडलं की मागचा पंखा आपोआप सुरू होतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? न धुतलेला गॅस पंखा थेट ज्योतीवर नेऊन घालेल, आणि ज्योत त्याच नळीने परत चेंबरमध्ये येईल. दारासमोर तेव्हा चारपाच माणसं तरी असतात.

हात कसा आहे ते कळव. नाही कळवलंस तरी नंबरचं कळवच.

ताई


गुरुवार, ७ ऑक्टोबर

लंबू,

तुझं उत्तर यायला अजून वेळ आहे, पण मला दम निघत नाही.

मंगळवारी डबा खायच्या सुट्टीत मी तीन नंबरकडे गेले. निमित्त काढलं, चार्टच्या कागदाची गुंडाळी संपत आली का बघते म्हणून. नवी ऑपरेटर तिथेच खुर्चीत बसून खात होती. दोन दिवस मी तिच्यावर डोळा ठेवून होते. कधी येते, कोणाशी बोलते, पॅनेलसमोर किती वेळ उभी राहते. एकदा तर मी तिच्या मागे बाथरूमपर्यंत गेले. तिला वाटलं असेल, या बाईला काही दुखणंबिखणं आहे.

मी पॅनेलचं झाकण उघडलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने ४१. तुझा चार मी कुठेही ओळखीन. पाय मोडलेल्या खुर्चीसारखा काढतोस तू. स्वतःचा नंबर पाठ होईना म्हणून झाकणावर लिहून ठेवला होतास ना? शहाणा! तुझं नाव हजेरीपटावरून गेलं, ओळखपत्र काढून घेतलं, कपाटाची किल्ली घेतली, पण नंबर तसाच राहिला. कोणी पुसला नाही आणि मशीनमधून काढलाही नाही. पॅनेलला आत अजूनही तू नोकरीवरच आहेस.

मी तिला विचारलं, "हा आकडा कसला गं?"

ती म्हणाली, "तो पॅनेलचाच नंबर आहे ना, मॅडम? चाचणी असली की टाकतात. माझ्या नंबरने धुणं रद्दच होत नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

ती थोडी घुटमळली. आठवत नाही म्हणाली.

पोरगी खरं बोलते असं वाटलं. म्हणजे तुमचा पत्रव्यवहार नाही. तेवढा संशय मी मागे घेते. पण बाकीचा घेतलेला नाही. ज्याने हे तिला सांगितलं तो तुझ्या काळातला माणूस आहे, आणि तुझ्या काळातली माणसं आता इथे किती उरली? बोटांवर मोजण्याइतकी.

आपले इनचार्ज साहेब आठवतात ना? काहीही सांगा, "हळूहळू बघू." आता त्यांना सगळेच हळूसाहेब म्हणतात. त्यांना सांगावं का, याचा विचार करते आहे. आधी तुझं उत्तर येऊ दे.

ताई


सोमवार, ११ ऑक्टोबर

लंबू,

तुझं कार्ड आज मिळालं. तीन वर्षांनी तीन ओळी. दहा वेळा तरी वाचल्या.

'मी दाबलं नाही. तेव्हाही दाबलं नव्हतं. कोणी दाबलं ते मी तेव्हा तुझ्यासाठी सांगितलं नाही, आताही विचारू नकोस.'

माझ्यासाठी. मी कार्ड घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. नळ सोडून रडले, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

ऐक. मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. नव्या ऑपरेटरला नाव आठवत होतं. तिने सांगितलंही. म्हणाली, "मिस्त्रींनीच दाखवलं, मॅडम. तुमच्या मिस्टरांनी."

तुझे दाजी. देखभालीवाल्यांच्या नंबराने धुणं रद्द होत नाही, आणि रिकाम्या चाचणीला चार वेळा धुण्यात दीड तास जातो. म्हणून झाकणावरचा तुझा नंबर.

काल रविवारी मी त्यांच्याशी बोलले. ते शेजाऱ्यांचा मिक्सर उघडून टेबलावर बसले होते. मी म्हटलं, "अहो, तीन नंबरचं धुणं तुम्ही रद्द करता?"

त्यांनी मानही वर केली नाही. "चाचणीला करतो. का?"

"का काय? गॅस आहे तो!"

"अगं, रिकामा चेंबर. माल नाही, खोकी नाहीत. धुवायचं काय? न वापरलेलं भांडं घासतेस का तू?"

ऐकायला पटण्यासारखंच होतं, लंबू. बोलणंच इतकं साधं होतं. मग तू आठवलास. एकदा जेवताना तू मला समजावलं होतंस, की भरलेल्या चेंबरमध्ये खोकी स्पंजासारखा गॅस पितात, रिकाम्यात पिणारं कोणी नसतं, सगळा तसाच कोंडून उभा. रिकामा चेंबर जास्त वाईट. तेव्हा दाजीही ताटावर होते. पण मेहुण्याचं शहाणपण ते कधी कानात घेतील तर शपथ.

मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वीस वर्षं या कामात आहे. काही झालं का?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचा हात भाजला."

तेव्हा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "पंख्यात ठिणगी पडली त्याला मी काय करू? बरं, नाही करणार परत. झालं समाधान?"

म्हणजे त्या दिवशी नंबर त्यांनीच दाबला होता. दिवा लागल्यावर "उघड रे" म्हणून तुला सांगून ते चहाला गेले होते. बरोबर ना? तू नको सांगूस. मला कळलं.

त्यांनी वचन दिलंय, पण माझा विश्वास बसत नाही. ज्या आवाजात ते "उद्या नळ दुरुस्त करतो" म्हणतात, त्याच आवाजात म्हणाले.

ताई


बुधवार, १३ ऑक्टोबर

लंबू,

उद्या मापं तपासायची आहेत. भट्टी सकाळी नऊला पेटणार.

आज मी हळूसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. शनिवारचा चार्ट पुढे ठेवला आणि म्हटलं, साहेब, हा नंबर बंद करा, आणि रिकाम्या चेंबरमधला गॅस मोजल्याशिवाय दार उघडू देऊ नका.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "एक्केचाळीस म्हणजे तुमच्या भावाचाच ना?"

"हो."

"तो तर गेला. मग मशीन जुनंच काहीतरी छापत असेल. चौकशीत तुम्हीच सांगितलं होतं ना, की हा नंबर त्याचा, दुसऱ्या कोणाचा नाही?"

"मी एवढंच सांगितलं होतं की नंबर त्याचा आहे."

"मग झालं तर. गुरुवारचं आटोपू दे, हळूहळू बघू."

त्या वेळी माझ्या पर्समध्ये एक कागद होता. तो काढून टेबलावर ठेवला असता तर त्यांना खुर्चीतून उठावंच लागलं असतं. मी पर्सची चेन अर्धी उघडली आणि पुन्हा लावली. चहा घेऊन बाहेर आले.

आता तुला त्या कागदाबद्दल सांगते. हे सांगायचं नाही म्हणून पहिल्या पत्रात मी तुझ्यावरच आळ घेतला. तुला वाटलं असेल, ताई संशयी आहे. संशय कसला, लंबू? मला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं.

तुला टायफॉइड झाला होता, आठवतं? खोलीवर एकटा पडला होतास, मी तुला आमच्याकडे आणलं. अपघाताच्या महिनाभर आधीची गोष्ट. डॉक्टर म्हणाले, ताप लिहून ठेवा. मी ऑफिसातून चार्टच्या दुसऱ्या प्रती घरी आणायचे, पाठकोऱ्या म्हणून. त्यातलाच एक घेतला आणि मागे तुझा ताप लिहायला लागले. संध्याकाळी तू झोपलास तेव्हा कागद सहज उलटा केला. पुढच्या बाजूला एक दात. 'धुणे रद्द, नंबर ४१'. तारीख आदल्या दिवशीची, आणि आदल्या दिवशी तू माझ्या घरी, माझ्या चादरीत, एकशे तीन तापात बडबडत होतास.

मनात पाल चुकचुकली. त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं हे आठवायला मला कष्ट पडले नाहीत, त्यांचा डबा मीच भरला होता. मी कागद घडी करून साड्यांच्या खाली ठेवला आणि गप्प बसले. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तुझा हात वाचला असता.

मग अपघात झाला, चौकशी बसली. साहेबांनी विचारलं, "एक्केचाळीस कोणाचा?" मी म्हटलं, "माझ्या भावाचा." त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. तू समोर पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला होतास. माझ्याकडे पाहिलंस आणि मग खिडकीबाहेर पाहिलंस. मला वाटलं तू माझ्यावर चिडलास. तू मला वाचवत होतास हे मला परवा कळलं. जुने चार्ट दोन वर्षांनी कापून टाकायचे असतात. या कागदाचा मूळ चार्ट कागद कापायच्या मशीनमध्ये मीच घातला, स्वतःच्या हाताने. ही प्रत मात्र कापवली नाही.

उद्या हा कागद घेऊनच जाणार आहे. तो दाखवला तर दाजींची नोकरी जाईल, माझीही जाईल, आणि घरात काय होईल ते मला माहीत नाही. नाही दाखवला तर काय होईल ते मात्र माहीत आहे.

ताई


शुक्रवार, १५ ऑक्टोबर

लंबू,

सगळे जिवंत आहेत. आधी हे लिहिते.

काल सकाळी मी पुन्हा हळूसाहेबांकडे गेले, तर ते भट्टीपाशी, वरच्या लोकांना घेऊन फोटो काढत होते. ते सोडून माझ्याकडे यायला तयार होईनात. म्हणाले, जेवणानंतर. मी टेबलाशी येऊन बसले. माझी खोली आणि तीन नंबरमध्ये एकच भिंत आहे. पंप सुरू झाला की माझ्या चहाच्या कपाची बशी थरथरते, हे तुला आठवत असेल. चार्ट यायची वाट बघायची गरजच नव्हती. मी बशीकडे बघत बसले. पंप चार वेळा ओढेल, नंतर शेवटचा भोंगा, मग दार.

साडेअकराला बशी थरथरली. थांबली. मी मनात म्हटलं, एक. आता नायट्रोजन भरेल, मग दोन.

दोन आलंच नाही. भोंगा वाजला.

मी कशी धावले ते मला सांगता येणार नाही. एक चप्पल दारातच राहिली. आत मापं तपासायला आलेला बाहेरचा माणूस वही घेऊन उभा, नवी ऑपरेटर पॅनेलपाशी, आणि दाजींचे दोन्ही हात दाराच्या चाकावर. मी सगळं बंद करायचं लाल बटण दाबलं आणि त्यांच्या आणि दाराच्या मध्ये शिरले. पाठ दाराला लावून उभी राहिले.

"बाजूला हो," ते हळूच म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू देत. एक्केचाळीस कोणी दाबला?"

"अगं, हा बाहेरचा माणूस खोळंबलाय. एवढं एकदाच..."

"कोणी दाबला?"

नवी ऑपरेटर म्हणाली, "मिस्त्रींनी, मॅडम."

कोणीतरी हळूसाहेबांना बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस पळत आला. मी म्हटलं, "साहेब, मी खोटी ठरले तर आजच राजीनामा देते. आधी बाजूच्या तोटीला गॅसचा मीटर लावा." मी दारापासून हलेना म्हटल्यावर त्यांनी लावला. मीटर दोन सेकंद गप्प राहिला आणि मग असा किंचाळला की मापंवाल्याच्या हातातली वही पडली. काटा शेवटाला जाऊन टेकला होता. एवढ्या वेळात कोणालाही कसलाही वास आला नव्हता. समोरच्या भिंतीत भट्टीकडे बघायची काच आहे. त्या काचेत निळी ज्योत अगदी शांत जळत होती. सगळ्यांनी मीटरकडे पाहिलं आणि मग त्या काचेकडे पाहिलं.

भट्टी विझवली. चेंबर चार नाही, सहा वेळा धुतला.

दाजी पायरीवर बसून होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "त्या दिवशीपण आत एवढाच असेल ना गं?" मी हो म्हटलं. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया आली. तुझा हात आठवला आणि रागही आला. आज ते बाहेरच्या खोलीत आहेत, मी आतल्या खोलीत. जेवायला वाढलं, जेवले. मी त्यांना सोडणार नाही आणि माफही केलेलं नाही.

काल दुपारीच चौकशी झाली. वरचे दोघे आणि हळूसाहेब. एक्केचाळीस नंबर त्यांनी माझ्यासमोर मशीनमधून काढायला लावला. दाराला असं कुलूप बसवणार आहेत की आतला गॅस मोजून कमी दिसल्याशिवाय चाक फिरणारच नाही, कोणी कितीही नंबर दाबू दे. ते बसेपर्यंत भट्टी बंद. दाजी घरी बसलेत. माझं पुढच्या आठवड्यात ठरेल. तुझं नाव मोकळं केल्याचं पत्र तुला कंपनीकडून येईल. यायला उशीर झाला तर कळव, मी त्यांच्या केबिनबाहेर बसून राहीन, मला आता दुसरं काम नाही.

तो कागद त्यांनी ठेवून घेतला. दोन्ही बाजूंची झेरॉक्स सोबत पाठवते. माफी मागायला मला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

मी कागद टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी पुढची बाजू वाचली, तारीख वाचली, नंबर वाचला. मग उलटा केला. 'चौथा दिवस. सकाळी १०३. दुपारी १०२. पाणी अर्धा तांब्या. सारखा ताई ताई करतो.' आणि खाली, सवयीने, माझी सही.

वरच्या साहेबांनी विचारलं, "हे मागे काय आहे? हा कसला चार्ट?"

मी म्हटलं, "माझ्या भावाचा ताप आहे, साहेब. या नंबरने धुणं रद्द झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

ताई